पान एकोणतीस

रविवार कारंज्यापाशी सातभाईंची लायब्ररी.
दिवसाला तीन रुपये, अनामत पन्नास.
माझं चित्रपुस्तक तिथं एकच, तेही मीच नेऊन दिलेलं.
दिवसा सातपूरला कंपनीचे नट-बोल्ट काढायचे
आणि रात्री हे, असं चार वर्षं.
एकशे अठ्ठावीस पानं : तांबट कसा झाला तांबट.

गोष्ट थोडक्यात अशी की
प्लेटिंगच्या टाकीत एक हेल्पर पडतो,
रात्रपाळीला, दोन वाजून दहा मिनिटांनी,
आणि निघतो तो तांब्याचा होऊन.
गोळी लागली की नुसता वाजतो.
छातीतून टुक् टुक् टुक्,
भर उन्हात वडावर बसून तो पक्षी करतो तसं.

सातभाई म्हणाले, मागे कोरी पानं शिवून देतो,
वाचणारे लिहितील काहीबाही.

लिहिलं.

हिरव्या शाईत क्षेमकल्याणी सर, निवृत्त :
"पान ९ व ४०. 'विद्युत्'चा पाय मोडायचा राहिला आहे.
बाकी ठीक."

गायधनींचा चिन्मय, वय साडेअकरा :
"उडत का नाही??? उडत नाही तर हिरो कसला.
तरी दोनदा वाचलं."
त्याखाली भलत्याच अक्षरात : "तांबं जड असतं, गाढवा."
त्याखाली पुन्हा चिन्मय :
"माझे मामा ओझरला विमानं बनवतात. तीपण जडच असतात."

तांबट आळीतले दगूशेठ स्वतः लिहीत नाहीत.
नातवानं पेन्सिलीनं उतरवून घेतलं, बोलले तसं :
"तांब्याचा माणूस म्हंजे पावसाळ्यात हिरवा पडनार.
चिंच लावा, राख लावा, रोज घासा.
अन् ताक प्यायला तर?
आतून कल्हई कोन करनार त्याला?
चित्रवालीनं इचार केलेला दिसत नाही."

नव्हता केला.
त्या आठवड्यात भांडी बाजारातून जाताना
प्रत्येक ठोका मलाच बसत होता.

सिव्हिलच्या सिस्टर गांगुर्डे, पान एकतीसला घडी घालून :
"भाजलेला माणूस असा उठत नाही.
तिसऱ्या रात्री तो पाणी मागतो, आईला ओळखत नाही.
तुम्ही दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत
आमचे चाळीस दिवस घातलेत."

मी पट्टी मोजली.
पाच मिलिमीटर.

आणि मग जुई पगार, सहावी ब.
ना शाबासकी, ना तक्रार :
"पान २९. त्याला टाकीतून ओढणारा एक हात आहे.
हा हात कोणाचा?
पुढे तो कुठेच नाही. मी तीनदा शोधला."

चौकट अरुंद होती, जुई. चेहरा मावेना.
मनगटापर्यंत काढला आणि चहा टाकायला उठले,
परत आले ती पुढच्या पानावर.
कोपरापर्यंत अ‍ॅसिडात गेलेला हात,
त्याचं काय झालं, मी विचारलंच नाही.
तांब्याचा झाला नाही एवढं नक्की.
झाला असता तर गोष्ट त्याची असती.

पान घेऊन दगूशेठकडे गेले.
त्यांनी ते उजेडाला धरलं, चष्मा कपाळावर सारून.
"हातोडा धरनाऱ्याचा नाही हा. अंगठा बघ.
बाईमानसाचा हाय. रोज गरम उचलनारीचा."
आणि पुन्हा हंड्याच्या बुडाला लागले.

रात्री दोन वाजता
कंपनीत गरम काय उचलतात?
एवढी वर्षं माझ्या टेबलावर कप ठेवून गेली ती,
तिचं नाव मला येत नाही.

पहिली चौकट काढून झाली आहे. त्यात नुसती किटली.
दुसरीत हात काढायचा, तर बोटं जमत नाहीत,
आणि उद्या सकाळी तिच्याकडे बघायचं कसं, तेही.

जुईला उत्तर द्यायला गेले होते.
सातभाई म्हणाले, पुस्तक बाहेर आहे,
पंचवटीत कोणी नेलंय, पंधरा दिवस झाले.
पंचेचाळीस रुपये झाले, ते सोडा, म्हणाले,
परत आलं म्हणजे मिळवली.