नसेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या चौथ्या गाळ्यात
कळफलकाच्या खाचांत वर्षभर पिवळं साचतं.
एंटर दाबलं की बोटाला रंग येतो.
तिथल्या काट्यासाठी मी एक प्रोग्रॅम लिहिला:
वजन स्थिरावलं की आकडा घ्यायचा,
पावती छापायची,
आणि जमलं तर मोठ्याने बोलायचं.

पॅकेज बांधताना यादी द्यावी लागते.
वर, याच्यावाचून चालणार नाही.
तिथे मी काट्याची केबल लिहिली, प्रिंटर लिहिला.
अगदी खाली, असलं तर बरं.
आवाज तिथे टाकला,
लग्नपत्रिकेच्या तळाशी
'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी
पोरं असतात, तसा.

कोडमध्ये दोनच ओळी.
आवाज सापडला तर बोल.
नाही सापडला तर गप पुढे जा.
दुसऱ्या ओळीचा मला तेव्हा अभिमान होता.
काही मोडत नाही, कुणाचं अडत नाही.

मार्चमध्ये, ऐन सौद्यात, जुनं यंत्र गेलं.
नव्यावर (नवं म्हणजे मिरजेच्या कॉलेजने टाकून दिलेलं)
लिनक्स घातलं, मोबाइलच्या रेंजवर
लागतं तेवढंच उतरवलं.
एक चूक नाही. पावती आली.
बाहुबलीशेठ म्हणाले, झ्याक.

यल्लाप्पा ऐवळेंनी पोतं काट्यावर टाकलं
आणि तिथेच उभे राहिले.
मागे रांग. "चला की मामा!"
"थांब. अजून बोललं न्हाई त्ये."
मग मी जिथे असेन असं वाटलं तिकडे तोंड करून:
"मुल्लाबाई, यंत्राचा घसा बसलाय व्हय?"

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
यंत्राने म्हटलेला आकडा ते
डाव्या हाताच्या पेरांवर धरत,
संध्याकाळी पेरं आणि शेठची वही
एकमेकांना विचारून घेत.
तीन वर्षं. माझ्या त्या खालच्या ओळीवर.

असलं तर बरं, हे मी कुणाला विचारून ठरवलं होतं?

रात्री ओळ उचलून वर नेली, सक्तीत.
सकाळी तासगावहून फोन, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधून:
पॅकेज बसेना.
इथे स्पीकर नाही, रेंज नाही,
चाळीस एमबीचा घसा उतरवायचा कुणासाठी?
त्यांचंही खरं.

मग मधली जागा. शिफारस.
आपोआप येतं;
नको असेल तर तोंडाने नको म्हणावं लागतं.
आणि 'गप पुढे जा' खोडलं.
तिथे आता पडदाभर अक्षरं येतात:
आवाज सापडला नाही.
आकडा तुम्ही वाचा. मोठ्याने.
मग पावती.

तासगावचा कारकून, कुबेर मगदूम,
आठवडाभर मला शिव्या देत होता म्हणे.
परवा गेले. जाड दार सरकवलं,
आत चार अंश, त्याच्या तोंडातून वाफ:
"पंधरा किलो दोनशे."
पेटी उचलणारी बाई पुटपुटली, पंधरा दोनशे,
आणि पदराच्या टोकाला
एक गाठ मारली.