न म्हणा

शिफा तांबोळी, इंटर्न, मूळची कराडची,
माझ्या तोंडात स्टीलची पट्टी धरते.
"अजून. अजून थोडं, काकू. बस."
अठ्ठावीस मिलिमीटर.
निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात म्हणे.
माझ्या तोंडात दीड.

नायरच्या या खुर्चीतून दिसतो एक पत्रा,
त्यावर कुणाची तरी खाकी पॅन्ट वाळत.
कानापुढे बोट टेकवून ती ऐकते:
टक्.
पुन्हा, उजवीकडेच, टक्.
कपाटाची कडी आतून लागावी तसं.

"रात्री दात खाता का?"
झोपेतलं मला काय ठाऊक.
हे बाहेर बाकावर बसलेत, एक्स-रे मांडीवर घेऊन.
दोन वर्षं यांना वाटत होतं
वरचे साळुंखे मध्यरात्री फर्निचर सरकवतात.
एकदा भांडूनही आले.

"काही टेन्शन?"
छे गं, कसलं.
माझगावची खोली भावाच्या नावे केली,
हक्कसोडपत्रावर सही दिली, अंगठा दिला,
रजिस्ट्रारच्या जिन्यात वहिनीनं पेढा भरवला
तो चावून चावून खाल्ला, छान आहे म्हटलं.
दोन वर्षं झाली त्याला.
हे तिला सांगितलं नाही.
एवढंसं तोंड उघडतं, त्यातून किती बाहेर पडणार?

प्लास्टरमधले माझे दात तिनं तळहातावर ठेवले.
दाढा झिजून सपाट.
जात्याला टाकी लावता येते,
याला काय लावणार?

रात्री घालायला पारदर्शक कवच.
गरम शेक. मऊ भात. पेरू बंद,
चकली बंद, दिवाळीतसुद्धा.
"आणि दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे.
दातांनी एकमेकांना भेटायचं ते फक्त जेवताना."
मला हसू आलं. हसताना टक् झालं.

"मग जीभ कुठे ठेवू?"
"न म्हणा."
न.
"अर्धाच. तिथेच थांबा. पुढचं बोलू नका."
टाळूला जीभ टेकली
आणि दोर सैल सोडलेल्या बादलीसारखा
जबडा आपला आपण खाली गेला.
केवढा जड होता.

औषधांच्या खिडकीशी फोन वाजला. भाऊ.
"ताई, बिल्डरचा एक कागद राहिलाय,
फक्त तुझी एक सही, रविवारी येतो घेऊन.
ताई? ऐकतेयस ना?"

ओठ मिटलेले.
दात सुटे.
जीभ तिनं सांगितली तिथेच,

न्