उद्या, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी

हल शहर, चर्चमागचा हॉल, मंगळवार, साडेसात.
हीटर नुसता खोकतो, तापत नाही.
मी फळ्यावर लिहिते: रिपोर्टेड स्पीच.
इथल्याच कोर्टात मी तीस वर्षं टायपिस्ट होते.
लोकांचं बोलणं माझ्या बोटांत शिरायचं
आणि कागदावर उतरायचं ते
कुणाचंच नसल्यासारखं.
नियम तोंडपाठ. वाटलं होतं, हा धडा सोपा जाईल.

आधी अवतरणचिन्हं काढा, मी सांगते.
दोन्ही बाजूंचे चिमटे काढले
की वाक्य दोरीवरून खाली येतं,
मग त्याची घडी घालता येते.
'मी'चा होतो 'तो'. 'इथे'चं 'तिथे'.
'आज' होतो 'त्या दिवशी'.
क्रियापद एक पायरी खाली उतरतं,
विल असेल तर वुड.

रेबवारचं इथे केस कापायचं दुकान आहे.
तो म्हणतो, एक गिऱ्हाईक सोमवारी बोललं, बायको खडूस आहे.
आज मी सांगतोय, तर बायको खडूस होती?
एका रात्रीत सुधारली?
वर्ग हसतो. हालिनाचं पेन खाली पडतं.
तसं नाही, मी म्हणते,
जे अजूनही खरं आहे
त्याचा काळ नाही बदलला तरी चालतं.
पान एकशे बारा, अगदी तळाशी, बारीक टाइपात.

अस्नाकेच मागे बसते, कोट न काढता.
मासळीच्या कारखान्यातून थेट येते,
तळहातांना चोळलेल्या लिंबाचा वास.
ती म्हणते, आमच्या अम्हारिकमध्ये असं नसतं.
'मी येतो' म्हणाला, एवढंच सांगायचं.
त्याचा 'मी' त्याच्यापाशीच राहतो,
आम्ही त्याला हात लावत नाही.

मला कोर्टातला एक पोरगा आठवला.
'मी नव्हतो तिथे, मी नव्हतो'
असं किंचाळला होता,
आणि मी शांतपणे टाइप केलं होतं
की तो तिथे नव्हता असे त्याचे म्हणणे होते.

असो. स्वाध्याय:
कुणाचंही लक्षात राहिलेलं एक वाक्य लिहा आणि फिरवा.
रेबवारने घरमालकाचं घेतलं, त्यात दोन शिव्या,
त्याही त्याने नियमाने फिरवल्या.
हालिनाने मुलीचं: मला भूक नाही.

अस्नाकेचच्या वहीत भावाचं वाक्य, फोनवरचं,
झुवाराहून, लिबियाच्या किनाऱ्यावरून:
"मी उद्या निघेन."
खाली सगळं बरोबर.
चिमटे काढलेले, 'मी'चा 'तो' झालेला,
उद्याचा दुसरा दिवस.
फक्त क्रियापदाच्या जागी दीड इंच कोरं.

वुड, मी म्हणाले.
सवयीने. बोटांनीच म्हटलं म्हणा ना.
तिने पान एकशे बारा उघडलं,
तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं:
आणि अजून खरं असेल तर?
फोन कधी आला होता?
फेब्रुवारीत, ती म्हणाली.
तिच्या डोक्यामागे चर्चचं कॅलेंडर, ऑक्टोबर,
जत्रेची तारीख लाल गोलात.

मग कॉलिन किल्ल्या वाजवत दारात आला.
त्याने आम्हाला आवरायला सांगितलं. (हे आज्ञार्थी. झालंय शिकवून.)

घरी, जेवणाच्या टेबलावर, वह्यांची चवड.
बाकीच्या तपासून झाल्या, चहा दोनदा.
कोर्टात ऐकू न आलेल्या जागी
आम्ही 'अस्पष्ट' असं टाइप करायचो,
आणि पुढे जायचो.
इथे तर सगळं स्वच्छ ऐकू आलंय.
लाल पेनाचं टोपण मी परत लावलं,
पेन्सिलने, अगदी फिकट,
त्याच्या वाक्याला दोन्ही बाजूंनी चिमटे लावले.
रात्री नदीकडून वारा सुटतो इथे.

पुढच्या मंगळवारी पुस्तकात प्रश्नार्थक वाक्यं आहेत.
उदाहरण पहिलं:
तिने विचारलं की तो कुठे होता.
ते कसं शिकवायचं, अजून ठरत नाही.