पाणी चाखून

मशीन जोडण्याआधी मी विहिरीचं पाणी चाखते.
ओंजळीतलं घोटभर, जिभेवर घोळवून थुंकते.
देवबागेत एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी,
मधल्या विहिरींचा भरवसा नाही.
खारं पाणी लागलं तर पंप दोन महिन्यांत बसतो,
आणि पंप बसला की बचत गटाच्या अकरा बायका
माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

कुबलांच्या होमस्टेचं मचूळ निघालं.
मचूळ चालतं.

दिवाळीचं बुकिंग तोंडावर,
आणि फाटकापासून पडवीपर्यंतचा चिऱ्याचा उतार
शेवाळाने असा काळा-हिरवा
की वरून निघालेला माणूस बसूनच खाली पोचावा.
सुगंधाने पाइप उलगडला, मी तबकडी लावली.
तबकडी म्हणजे पालथी परात, कडेला ब्रशाची झालर,
आत दोन नळ्या गरगर फिरतात,
दिसत नाहीत, ऐकू येतात,
दाणे संपल्यावर जातं घरघरतं तशा.

घाई केली की चिऱ्यावर चंद्रकोरी उमटतात,
एकीत एक अडकलेल्या.
गिऱ्हाईक चहा पीत त्या मोजतं.
म्हणून मी डोक्यावर पेजेचा टोप असल्यासारखी चालते,
प्रत्येक नवी पट्टी अर्धी जुनीवर चढवत.
थांबायचंही नाही. एका जागी थांबलं की लाल पाणी सुटतं,
आणि ते शेवाळ नसतं, चिराच निघालेला असतो.

"एवढोच म्होरलो तुकडो कर गे," कुबल म्हणाले,
"बाकीचो काय वायट दिसणा नाय."
मी तुकडा केला. तांबडा, ओला,
आत्ताच खाणीतून काढल्यासारखा.
ते त्याच्याकडे बघत राहिले, मग उरलेल्याकडे.
"सगळोच कर."
सगळेच शेवटी असं म्हणतात.

मागे खाडीवर फळ्यांचा डेक.
तिथे तबकडी नाही. लाकडावर ती गोल ओरखडे काढते,
उन्हात फळीला केस उभे राहतात
आणि पाहुण्यांच्या पोरांच्या तळव्यात शिरतात.
तिथे नुसती नळी, जोर अर्ध्यावर, हातभर लांबून,
रेषेच्या कलाने. ते सुगंधा करते.
बारा वर्षं तिने बाजारात सुरमईचे तुकडे पाडलेत,
कुठे दाबायचं नाही ते तिच्या मनगटाला कळतं.

फाटकाच्या डाव्या कोपऱ्यात डाग राहिला.
सुपाएवढा, काळा, कडा पसरलेल्या.
मी तीनदा फिरले. साबण टाकून पुन्हा फिरले.
"तेलाचो आसा," कुबल म्हणाले. "ॲसिड मार."
ॲसिड चिरा खातं, मी म्हटलं.
खरंच होतं ते.
सगळं तेवढंच नव्हतं.

होमस्टे व्हायच्या आधी इथे जाळी वाळायची.
याच कोपऱ्यात, झापांच्या आडोशाला,
दोन पावसाळे आमच्या होडीचं इंजिन उघडं पडलं होतं.
नवरा रोज एक नट काढायचा, रोज एक लावायचा.
रत्नागिरीहून एक भाग यायचा होता.
तिसऱ्या वर्षी होडी विकली,
इंजिन भंगारात किलोवर गेलं.
आता तो मालवणच्या जेटीवर लाँचची तिकिटं फाडतो.
जेवायला बसताना हात अजून
रॉकेलने धुवायला जातो, मग थांबतो.

कुबलांना हे आठवत असेल किंवा नसेल.
मी विचारलं नाही.

बिलासाठी टेप धरली, चौरस फूट मांडले,
कोपऱ्यातले चार वजा केले.
"चार कित्याक सोडलंस?" सुगंधाने विचारलं.
निघालंच नाही ते, म्हटलं, पैसे कशाचे घेऊ?
तिने कोपऱ्याकडे पाहिलं आणि पाइप गुंडाळायला घेतला.

तबकडी उलटी करून झालरीतला गाळ झटकला.
दुपारी तारकर्लीत तांडेलांकडे जायचं होतं.
त्यांची विहीर यंदा खारावली, असं ऐकलं होतं.
मी चूळ भरली.
जीभ कोरी ठेवावी लागते.