एकाच रंगाचे ग्लास

पातेलं तेच, कोजागिरीला दूध आटवायचं.
आज त्यात नाशिकच्या लाल वाइनच्या
दोन बाटल्या, घळघळ.
मंडईतली मोसंबी सालीसकट चकत्या करून,
डाळिंबाचे दाणे, दालचिनीचा तुकडा,
साखर अंदाजाने; अंदाज आमटीचाच.
मग चार तास फ्रीजमध्ये,
दह्याच्या शेजारी, वर ताटली.

सोडा अगदी शेवटी. नाहीतर बुडबुडे
पाहुणे यायच्या आधीच निघून जातात.
पांढरीत पेरू आणि आलं, ही युक्ती मृण्मयीची.
ती बिबवेवाडीहून उशिरा येईल
आणि पार्किंगला शिव्या देईल.

दुसरं पातेलं लहान.
त्यात कोकम, तीच मोसंबी, तेच डाळिंब,
दालचिनीचा उरलेला अर्धा.
दोन्ही ग्लास खिडकीच्या उजेडात धरले:
रंग जुळेना.
बिटाची एक फोड टाकली. जुळला.

चारुशीलाला सात महिने अकरा दिवस झाले.
ती मोजते.
सांगितलं फक्त मला,
लकडी पुलाच्या अलीकडे, स्कूटर बंद न करता,
हेल्मेटच्या आतून.

आठ वाजता गच्चीवर
सगळ्यांच्या हातात एकच रंग.
"तू का नाही घेत गं?"
हा प्रश्न कुणाच्या तोंडी आलाच नाही.
वृंदा तेवढी म्हणाली,
"चारूचा ग्लास जरा गडद दिसतोय,
तिचे लाड बरे करतेस!"
चारूने ग्लास उंच धरला, चिअर्स म्हणाली.

मी खाली वाकून पळीने
तळाचे दाणे ढवळत राहिले,
ढवळायला काही उरलं नव्हतं तरी.