शतपावली, सोहार

खल्फानने दोन दिवस जमिनीत पुरलेलं बोकड
आज दुपारी वर काढलं.
केळीच्या पानांतून वाफ सुटली
आणि मी नको इतका भात वाढून घेतला.
निरोपाचं जेवण. यादीतल्या नऊ जणांचं.
हाडावरचं मांस बोटांनी सोडवून
तो माझ्यापुढे सरकवत राहिला,
बोलला काहीच नाही.

आता रात्रीचे साडेअकरा.
पोट नगाऱ्यासारखं.
काहीतरी आंबट घशापर्यंत येतं,
डोकावतं, परत जातं.

"ढेकर आला?" खालच्या बंकवरून मेस्त्रीकाका.
"आला."
"वास कसला? खाल्लेल्याचाच?"
"हो."
"मग सगळं तिथंच आहे अजून. आडवा होऊ नकोस."

त्यांचा पत्र्याचा डबा पूर्वी नटबोल्टचा होता.
आता त्यात सुंठ, सैंधव, ओवा,
आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेला हिंग,
जो तरीही मस्कतच्या विमानतळावर
काकांच्या आधी ओळखला गेला.
तळहातावर ओवा चोळतात, फुंकर मारतात,
कोंडा माझ्या उशीवर.
"चाव. गिळायची घाई नको. वर ऊन पाणी.
फ्रीजचं प्यायलास तर माझ्याशी बोलू नकोस."
लबन घेऊ का, मी विचारतो.
"रात्रीचं? उद्या दुपारी घे, जिरं घालून.
ताकच ते. जिरं भेटलं नाही म्हणून लबन."

मग नेहमीचं:
पोटाचे चार भाग, दोन अन्नाचे,
एक पाण्याचा, एक मोकळा, वाऱ्यासाठी.
"आज त्या चौथ्यात काय कोंबलंस?"
"खल्फानचा आग्रह."
काका हसले नाहीत.
"जा, शंभर पावलं घाल."

बाहेर अजून छत्तीस अंश, समुद्राकडून चिकट हवा.
म्हणून कॉरिडॉर.
या टोकापासून त्या टोकापर्यंत सत्तेचाळीस पावलं,
मध्ये वॉटर कूलर, चपलांचे ढीग,
कुणाचा तरी प्रार्थनेचा गजर, चुकीच्या वेळेला लावलेला.
दुसऱ्या फेरीला शफीकुलचं दार उघडलं.
"पेट?" त्याने विचारलं.
मी मान हलवली. तोही चालू लागला,
माझ्या मागे, दोन पावलं अंतर ठेवून.
शंभर कधीच झाले होते.
आठ वर्षांची ग्रॅच्युइटी, मुलीची फी,
सोमवारचं विमान, असं मोजताना
पावलांचा हिशेब राहून गेला.

कूलरपाशी तो आला. मोठा, मोकळा,
नुसत्या ओव्याचा.
खोलीतून आवाज: "झालं. ये आता. डावी कूस."

डाव्या कुशीला भिंत.
कॅलेंडर काढलं तिथे रंगाचा नवा चौकोन,
नाकापासून चार बोटांवर.
पोट हलकं. झोप नाही.
"काका, सकाळी काय खाऊ?"
"खरी भूक लागेपर्यंत काही नाही."

बाहेर शफीकुलच्या चपला अजून वाजताहेत,
त्या टोकाला, या टोकाला.
आणि आत्ता आठवतं,
दुपारी त्याने ताटाला हातही लावला नव्हता.