पंचाची नोंद

तिसरी फेरी, शुक्रवार, सोहार.
शाळेच्या जिममध्ये चव्वेचाळीस पट,
बास्केटबॉलच्या जाळ्या वर गुंडाळून बांधलेल्या.
चार वाजून दहा मिनिटांनी
मी सगळी घड्याळं थांबवायला सांगितली.
कारण: गाणं.

नियमपुस्तकात या कारणाला कलम नाही.
अठरा वर्षं याच हॉलमध्ये मी
खोकणाऱ्यांकडेसुद्धा डोळे वटारून पाहिलंय,
चॉकलेटचा कागद कुरकुरला म्हणून
एका पोराला रडवलंय.

खमीस चाचांना जाऊन पाच महिने झाले.
खमीस म्हणजे गुरुवार, आणि गुरुवारीच
त्यांच्या बोटींच्या इंजिनांच्या दुकानामागे पट मांडले जायचे,
डिझेलच्या वासात, जाळी सांधणाऱ्यांच्या शेजारी.
मी स्मेल्टरमधली पाळी संपवून जायचो,
अंगात भट्टीची धग तशीच.
घड्याळं त्यांनीच घेतलेली, सगळीच्या सगळी.
खेळायचे मात्र वाईट. मनापासून वाईट.
पाचव्या चालीत वजीर बाहेर,
बाराव्या चालीत तो गेलेला,
आणि हरल्यावर प्लंबर रोदेलपुढे
हलव्याचा डबा असा सरकवायचे,
की देणं लागत होते जणू.

एकदा माझा उंट चिमटीत धरून त्यांनी विचारलं, हा कोण?
उंट, मी म्हटलं.
त्यांच्याकडे तो फील. हत्ती.
हसता हसता ठसका लागला त्यांना.
"देवरुखात उंट नाही, म्हणून तुम्ही तो पटावर ठेवला.
आमच्या दारात उंट, तर आम्ही हत्ती पाळतो!
शेट्ये, माणूस हाताशी नसतं तेच खेळायला घेतो."
मी तेव्हा देवरुखाचाच विचार करत होतो.
डाव हरलो. त्यांच्याकडून हरलेला तो एकच.

मग ती रात्र. दोन वाजता फोन,
त्यांचा नातू मुहन्नद, नऊ वर्षांचा.
"जद्दी मात," एवढंच म्हणाला.
झोपेत मी विचारलं, कितव्या चालीत?

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग तो म्हणाला, माहीत नाही.

शब्द शैमाने लिहिले, अरबीत.
मी ते गुणपत्रिकेच्या पाठीवर देवनागरीत उतरवून घेतले,
घशातली अक्षरं घशातच सोडून.
लीलाम्मा टीचरनी चाल लावली.
आमच्या भाषेत गाण्यालाही चालच लागते, मी त्यांना सांगितलं.
त्या म्हणाल्या, मग लावलेली मागे घेऊ नका,
तुम्ही दर तालमीला वेगळं गाता.

तर सगळे उभे राहिले.
रोदेल अर्धा सूर वर, बलुची मुलं एक ओळ पुढे,
बाहेरून आलेला उस्ताद खेळाडू
काही न कळून टेबलाची कड धरून उभा.
पहिलं कडवं कसंबसं एकत्र गेलं.
दुसऱ्यात त्यांचं नाव येतं, तिथे गाणं फुटलं.
कुणी कमीस म्हटलं, कुणी हमीस,
माझा ख आमच्या खडकाळ गावचा,
आणि खरा उच्चार ज्यांना येत होता
त्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी
तेवढ्यात तोंडावर रुमाल धरलेला.
एका माणसाला सात-आठ जणांसारख्या हाका,
छताच्या पत्र्यापर्यंत.

मी शांतता राखा म्हटलं नाही.

गाणं संपल्यावर फेरी मारताना दिसलं:
पट क्रमांक एकतीस, घड्याळ चालूच.
पांढऱ्या मोहऱ्या, मुहन्नद.
बटण दाबायचं राहिलं का, मी खुणेनं विचारलं.
त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.
तीन मिनिटं चाळीस सेकंद गेली होती.
मी ती परत देऊ केली. त्याने नको म्हटलं.
तशी नोंद खाली केली आहे.

मग त्याने वजीर उचलला
आणि पार पटाच्या मध्यावर नेऊन ठेवला.
पाचवी चाल.
समोरची मुलगी गालात हसली.
पंचाने काही बोलायचं नसतं.